प्रत्यारोपणाची तजवीज

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. त्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे गाव, नाशिकजवळच्या छावणीच्या देवळालीहून निराळे ओळखता यावे म्हणून नावासोबत नदीचेही नाव बाळगणारे, गेली शंभर वर्षे कालव्याच्या पाण्यावर आणि उसाच्या पैशावर नांदत आले आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना हुकमी पाणी आले. १९५० च्या सुमारास लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे राहुरीचाही कारखाना आला. आणि पत म्हणजे काय, तारण म्हणजे काय, उचल कशी मिळते व कशी फिटते याचे शिक्षण या खोऱ्यातील शेतकऱ्याला शाळेबाहेरच मिळत गेले. सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्थेचे सोनेतारण, बायकांच्या बचत गटाची रक्कम, भावकीतली हातउसनी देवघेव, या सर्व वाटा येथील कुटुंबाला तोंडपाठ असतात. विहीर, पाइपलाइन, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, यांपैकी कशासाठी कोणत्या दारात जावे हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही.

परंतु घरातल्या कर्त्या माणसाच्या पायांवर सूज येते, जेवण नकोसे होते, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिनचा आकडा चढलेला दिसतो आणि डॉक्टर सांगतात की दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत, आता डायलिसिस लावावे लागेल आणि जमले तर ट्रान्सप्लांट, तेव्हा पैसा उभा करण्याची ही पिढीजात विद्याच कुटुंबाचा घात करू शकते. कारण विहिरीचे कर्ज विहिरीच्या पाण्याने फिटते. येथे मात्र एकदा मोठी रक्कम भरून व्यवहार मिटत नाही. चार दिवसांत पैसे उभे करायचे म्हणून पहिल्याच आठवड्यात एकर-दीड एकराचा सौदा पडेल त्या भावाने होतो, शस्त्रक्रिया पारही पडते, आणि मग आयुष्यभर चालवायच्या औषधांसाठी घरात ना जमीन उरते ना तिच्यावर मिळणारी पत. प्रत्यारोपणाच्या खर्चासंबंधी या प्रकरणात जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा एवढाच आहे: मदतीचे दरवाजे पुष्कळ आहेत, पण ते एका ठरावीक क्रमाने उघडतात, आणि त्या क्रमात स्वतःची जमीन सर्वांत शेवटी येते.

हा खर्च एवढा का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसविले आणि ते टिकले, याचे कारण ते दोघे एकसारखे जुळे होते व एकाच्या शरीराने दुसऱ्याचा अवयव परका मानला नाही. इतरांच्या बाबतीत हा परकेपणा दूर कसा करावा हे कोडे पुढे कित्येक वर्षे सुटले नव्हते. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे महानगरपालिकेच्या, गोरगरिबांच्या रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयाचे प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी केलेल्या जगातील पहिल्या हृदय-प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही लोटले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. शल्यविशारदाच्या हातांत कौशल्य आले होते, अवयव टिकवून धरणारे औषध मात्र अजून यायचे होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत सायक्लोस्पोरिन हे औषध प्रचारात आले आणि प्रत्यारोपण हा प्रयोग न राहता उपचार झाला. आज टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे वापरली जातात, व ती बसविलेला अवयव काम देत आहे तोवर, म्हणजे बहुधा जन्मभर, नेमाने घ्यावी लागतात. ज्या औषधांनी हा उपचार शक्य केला त्यांनीच त्याचा खर्चही कायमचा केला.

यावरून खर्चाचे तीन भाग आपोआप पडतात. शस्त्रक्रियेपूर्वी आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-चार तास चालणारे डायलिसिस, त्यासाठीचे जाणेयेणे, हाताच्या शिरेत करावा लागणारा फिस्टुला आणि दाता-रुग्ण दोघांच्या तपासण्या, हा पहिला. रुग्णालयातील प्रत्यक्ष शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि दाता-रुग्ण दोघांचा मुक्काम, हा दुसरा. त्यानंतरची औषधे, रक्तातील औषधाची पातळी पाहण्याच्या तपासण्या आणि जंतुसंसर्ग झाल्यास पुन्हा दाखल होणे, हा तिसरा. लोक मदत मागतात ती बहुधा दुसऱ्या भागासाठी, कारण त्याचाच आकडा एका कागदावर ठळकपणे लिहून मिळतो. पहिला भाग महिनोन्महिने झिरपत जातो आणि तिसऱ्याची कल्पना कोणी आधी देत नाही.

या तिन्ही भागांत एक रक्कम कोठेच नाही, ती म्हणजे अवयवाची किंमत. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्याने मेंदूचा मृत्यू हा कायदेशीर मृत्यू मानला आणि अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. २०११ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे, आणि तो पैसे घेणाऱ्याला जसा आहे तसाच देणाऱ्यालाही आहे. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या नातलगांनी दिलेल्या अवयवाबद्दलही कोणाला काही द्यावयाचे नसते. तेव्हा रुग्णालयाच्या आवारात, चहाच्या टपरीवर किंवा ओळखीच्या ओळखीतून जो माणसे मिळवून देण्याची भाषा करतो, तो मदत करावयास आलेला नाही, हे मनाशी पक्के ठेवावे.

आता दरवाजांकडे वळू. पहिला दरवाजा शासनाच्या आरोग्य योजनेचा. महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी योजना सुरू झाली. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आली व २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर पसरली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती पुढे जोडली गेली. आरंभी कुटुंबास वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते व मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ते अडीच लाख होते. २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाचे संरक्षण पाच लाख झाले, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली, आणि ही योजना केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती न राहता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली. पांढरे रेशनकार्ड आहे म्हणून आपल्याला काही मिळणार नाही असे सांगून घरी बसणारी माणसे अजूनही भेटतात. त्यांनी हा बदल ध्यानी घ्यावा. डायलिसिसही या योजनेत बसते, म्हणून खर्चाच्या पहिल्या भागाचे ओझे योजनेतील रुग्णालय निवडले तर पहिल्याच महिन्यापासून हलके होऊ शकते.

योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी बसतो. त्याच्या टेबलावर रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तपासण्यांचे कागद ठेवले की तो प्रकरण पूर्वपरवानगीसाठी पाठवितो, आणि परवानगी आल्यावर शस्त्रक्रिया होते. येथे ‘पूर्व’ या शब्दावर सर्व भार आहे. आधी रोखीने दाखल व्हायचे, मग योजनेचे पाहू म्हणायचे, ही चाल जवळजवळ नेहमीच फसते. दुसरे, योजनेत असलेले प्रत्येक रुग्णालय प्रत्यारोपणासाठी मान्यताप्राप्त असतेच असे नाही, आणि प्रत्यारोपणाची मान्यता असलेले प्रत्येक रुग्णालय योजनेत असतेच असेही नाही. ज्याच्या पाटीवर या दोन्ही गोष्टी आहेत असे रुग्णालय शोधणे हे देवळालीहून निघण्यापूर्वी घरी बसून, फोनवरून करावयाचे काम आहे. पुण्याचे ससून किंवा मुंबईचे केईएम यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही मूत्रपिंड प्रत्यारोपण होते. तेथे वेळ अधिक लागतो, पण पैसा पुष्कळ कमी लागतो, आणि ज्या घरात देणारी आई किंवा पत्नी तयार आहे व डायलिसिसवर रुग्ण स्थिर आहे, त्या घराने वाट पाहण्याचा हा पर्याय खासगी रुग्णालयाच्या पहिल्या अंदाजपत्रकाने धास्तावून न जाता शांतपणे तोलून पाहावा असे मला मनापासून वाटते.

यकृत, हृदय आणि फुफ्फुस यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा खर्च पाच लाखांच्या मर्यादेत मावत नाही. यकृताच्या प्रत्यारोपणास खासगी रुग्णालयात वीस-पंचवीस लाख सहज लागतात. पाच लाखांहून अधिक खर्चाच्या अशा निवडक उपचारांसाठी स्वतंत्र राखीव निधी उभा करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली घेतला आहे. ज्या कुटुंबावर हा प्रसंग आला असेल त्याने आरोग्यमित्राकडे या निधीची चौकशी नाव घेऊन करावी, कारण नव्या निर्णयाची माहिती टेबलापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो.

दुसरा दरवाजा धर्मादाय रुग्णालयांचा. पुण्या-मुंबईतील ज्या मोठ्या, चकचकीत रुग्णालयांच्या पायरीवर खेड्यातला माणूस दबकतो, त्यांपैकी बरीच रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त संस्थांची आहेत. करांत, जागेत, अन्य बाबींत त्यांना समाजाने सवलती दिलेल्या आहेत, आणि त्यांच्या बदल्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक या कलमाने गरिबांवर उपचार करण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. हे बंधन कागदावरच राहते अशी तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एक योजनाच मंजूर केली. तीनुसार अशा रुग्णालयातील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा आर्थिक दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी या वेगळ्या खात्यात जमा करावयाची असते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार व दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार अशी आहे.

खाट मोफत आहे एवढ्यावर मात्र प्रत्यारोपण होत नाही. औषधे व साहित्य यांचा खर्च त्या २ टक्क्यांच्या खात्यातून जातो, आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी ‘निधी संपला आहे’ हे उत्तर हमखास ऐकू येते. ते खरेही असू शकते. तरीही विनंती तोंडी न ठेवता लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाची गाठ घ्यावी, आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. कारण या खात्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातो आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही ते कार्यालय असते. लेखी अर्जाला उत्तर द्यावे लागते. तोंडी विनंती त्या दिवसाबरोबर विरून जाते. निम्मा खर्च आरोग्य योजनेतून, काही भाग या निधीतून आणि उरलेला भाग पुढे सांगितलेल्या मार्गांनी, अशी सांधेजोड पुष्कळदा यामुळेच शक्य होते.

तिसरा दरवाजा मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा. वरच्या योजनांत न बसणाऱ्या किंवा तेथे मदत न मिळालेल्या रुग्णासाठी हा निधी आहे आणि हृदय, यकृत, मूत्रपिंड, फुफ्फुस, अस्थिमज्जा यांची प्रत्यारोपणे त्याच्या यादीत आहेत. मदत खर्चाच्या अंशापुरती असते, सबंध नव्हे. ती रुग्णाच्या हाती न पडता थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, आणि रुग्णालय निधीच्या नोंदणीत असावे लागते. उपचार उरकून घरी आल्यावर बिले जोडून परतावा मागण्याची सोय येथे नाही. यासाठी पूर्वी मंत्रालयापर्यंत खेटे घालावे लागत. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांतही या निधीचे कक्ष उघडले आहेत, त्यामुळे देवळालीकराची मुंबईची वारी वाचून काम चाळीसेक किलोमीटरवरच्या नगरात होऊ शकते.

या अर्जाचे दप्तर कसे असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. वर विहित नमुन्यातील अर्ज. त्याखाली रुग्णालयाच्या छापील कागदावर उपचाराच्या खर्चाचे अंदाजपत्रक, आणि रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकाचा सही-शिक्का. मग तहसीलदारांनी दिलेला, वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा दाखला. आधारकार्ड, शिधापत्रिका, निदानाचे अहवाल. रुग्ण दाखल असल्यास खाटेवरील त्याचे, ठिकाण आणि वेळ आपोआप उमटणारे छायाचित्र. आणि प्रत्यारोपणाच्या बाबतीत अवयव-समन्वय केंद्राकडील नोंदणीचा किंवा प्राधिकार समितीच्या मान्यतेचा कागद; या दोहोंविषयी पुढे येईलच. यांतील उत्पन्नाचा दाखला सर्वांत साधा वाटतो आणि सर्वांत जास्त अडतो. तलाठ्याच्या अहवालावरून सेतू केंद्रामार्फत राहुरीच्या तहसील कचेरीतून तो निघतो, आणि त्यात शेताचे क्षेत्र, पीक, घरातली नोकरी हे सर्व धरले जाते. तीन-चार एकर बागायत असलेल्या कुटुंबाचे उत्पन्न कागदावर मर्यादेबाहेर जाते, मग त्या वर्षी ऊस वाळून गेलेला असो की बिल थकलेले असो. अशा कुटुंबाने खोटा दाखला काढण्याच्या नादी लागू नये. त्याचे स्थान धर्मादाय योजनेतील दुर्बल गटात, ३ लाख ६० हजारांच्या मर्यादेत, असू शकते, आणि आरोग्य योजनेला तर आता उत्पन्नाची अटच उरलेली नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मदतीचा अर्ज लिहिताना आपल्याकडचा स्वाभिमानी शेतकरी संकोचतो. आजवर कोणापुढे हात पसरला नाही, असे तो खाली मान घालून सांगतो. २०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी शासनाने साखर कारखान्यांकडून उसाच्या टनामागे १० रुपये मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी घेण्याचे ठरविले. त्या कपातीवरून वाद झाला, आणि तो होणे स्वाभाविक होते. पण तिचा एक अर्थ स्पष्ट आहे: हा निधी ज्यांच्या घामातून भरतो त्यांत प्रवरेच्या कालव्यावरचा ऊसकरी आहे. त्याच्या घरावर आजारपण आले असता त्याने त्यात अर्ज करणे हे याचकाचे काम मानण्याचे काडीमात्र कारण नाही. धर्मादाय रुग्णालयाच्या राखीव खाटेसंबंधीही हेच म्हणता येईल. तिची किंमत समाजाने आधीच मोजलेली आहे.

यानंतरचे मार्ग लहान आहेत, पण त्यांच्या बेरजेने काम होते. जानेवारी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीतून मूत्रपिंड प्रत्यारोपणासारख्या उपचारांना अंशतः साहाय्य मिळते, आणि खासदारांची शिफारस त्यासाठी उपयोगी पडते. राष्ट्रीय आरोग्य निधी हा दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी आहे. मुंबईचा सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा विश्वस्त निधी गरजू रुग्णांना वैद्यकीय मदत देतात. यांतील बहुतेक ठिकाणी तेच अंदाजपत्रक, तोच दाखला, तेच अहवाल लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी या कागदांच्या आठ-दहा प्रती साक्षांकित करून एका फायलीत लावून ठेवाव्यात आणि घरातल्या एका लिहित्या-वाचत्या माणसाकडे, पुष्कळदा कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे, ती फाईल सोपवावी. रुग्णाजवळ बसणारा आणि कचेऱ्यांत फिरणारा माणूस एकच असला तर दोन्ही कामे अर्धवट राहतात.

मग येते लोकवर्गणी. सप्त्याला, जत्रेला, शाळेच्या खोलीला वर्गणी जमविणाऱ्या गावाला माणसासाठीही ती जमविता येते, आणि गावोगाव तरुण मंडळे, बाजारपेठेतले व्यापारी, शाळांचे माजी विद्यार्थी हे काम करताना दिसतात. आता त्याच्या जोडीला २०१० साली बंगळुरात सुरू झालेले मिलाप आणि २०१२ साली मुंबईत सुरू झालेले केटो यांसारखे मंच आहेत, जेथे अनोळखी माणसेही शंभर-पाचशे रुपये पाठवितात. मंच आपले शुल्क किंवा ऐच्छिक मोबदला कसा घेतो हे आधी विचारून घ्यावे, आणि रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाईल असे करावे. त्याने देणाऱ्याचा विश्वास वाढतो आणि घरातल्या घरात नंतर उठणारे प्रश्नही टळतात. गावच्या वर्गणीचा हिशेबही वहीत नावानिशी लिहून चार माणसांसमोर ठेवावा. सावकाराची पायरी मात्र चढू नये. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तीत गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, हे खरे. पण आजारी माणूस घरात असताना तो दावा लढविणे हे दुसरे आजारपणच होय.

आतापर्यंत रुग्णासंबंधी बोललो. दात्यासंबंधी कोणीच बोलत नाही. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्याने अवयव दिल्यास त्याला २०२३ पासून ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळते; परंतु खुरपणीला, ऊसलागणीला जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार? शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तिला वजन उचलता येत नाही, तिची मजुरी बुडते, तिच्या स्वतःच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतात, आणि अंदाजपत्रकात या रकमेला जागा नसते. कायद्याने अवयवाचा मोबदला निषिद्ध केला आहे, पण देणाऱ्याचा प्रत्यक्ष खर्च आणि त्यापायी बुडालेली कमाई ही त्या निषेधातून स्पष्टपणे वगळली आहे. तेव्हा वर्गणी जमविताना दात्याच्या नावाने वेगळी रक्कम बाजूला काढण्यात गैर काही नाही. न काढणे हेच मला अन्यायाचे वाटते.

नात्याबाहेरचा दाता असेल तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. ती दाता व रुग्ण यांच्या मुलाखती घेते, त्यांचे चित्रीकरण होते, आणि २०१४ च्या नियमांप्रमाणे दोघांच्या मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागितले जातात. घेणारा संपन्न आणि देणारा कफल्लक असेल तर समितीने संशय घ्यावा अशीच त्यामागे योजना आहे. प्रश्न त्रासदायक वाटतात, उशीर होतो, पण २०२२ साली पुण्यात उघडकीस आलेले प्रकरण आठवावे: पश्चिम महाराष्ट्रातील एका गरजू स्त्रीला १५ लाखांचे आमिष दाखवून रुग्णाची पत्नी म्हणून उभे करण्यात आले, शस्त्रक्रिया झाली, आणि पैसे हाती न आल्यावर तिने तक्रार केली तेव्हा सारे बाहेर आले. उत्पन्नाचे कागद मागणारी ती समिती अशाच स्त्रीसाठी बसविलेली आहे.

घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याकडून येणाऱ्या अवयवासाठी रुग्णालयामार्फत विभागीय समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव घालावे लागते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही केंद्रे आहेत. या वाटेवर पैशाचा प्रश्न वेगळेच रूप घेतो. बोलावणे केव्हा येईल सांगता येत नाही. ते मध्यरात्रीही येते, आणि शरीराबाहेर काढलेले मूत्रपिंड सुमारे एक दिवस, तर हृदय चारेक तासच टिकते. देवळालीहून नगरमार्गे पुण्यास पोहोचण्यातच तीन-चार तास जातात. त्या रात्री पतसंस्था उघडी नसते, तहसील कचेरी उघडी नसते, आणि मंजुरी हाती नसलेल्या रुग्णाला सोडून यादीतील पुढच्या नावाला बोलाविले जाऊ शकते. म्हणून यादीत नाव घालतानाच आरोग्य योजनेची पूर्वतयारी, निधीसाठीचे दाखले आणि वाहनाची सोय या तिन्ही गोष्टी उभ्या करून ठेवाव्यात, आणि दाखल्याची मुदत संपत आली की तो न विसरता नवा काढावा.

शेवटी औषधांचा खर्च. तो औषधांच्या प्रकारावर अवलंबून असला तरी महिन्याला काही हजारांच्या घरात जातो. आरंभीच्या वर्षात मात्रा व तपासण्या अधिक, म्हणून खर्चही अधिक. ऊसबिल लांबले म्हणून महिनाभर गोळ्या थांबविल्या, एकाआड एक दिवस घेतल्या, आणि बसविलेले मूत्रपिंड शरीराने नाकारले, असे घडू शकते. मग पुन्हा डायलिसिस, आणि या वेळी देणाराही उरलेला नसतो. डॉक्टरांना न विचारता कंपनी बदलून स्वस्त गोळी घेणेही घातक, कारण रक्तातील पातळी थोडी ढळली तरी फरक पडतो. विचारून मात्र स्वस्त पर्याय जरूर मागावा, अनेकदा तो मिळतो. शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक हाती पडेल त्याच दिवशी डॉक्टरांकडून पहिल्या दोन वर्षांच्या औषधांचा आणि तपासण्यांचाही अंदाज लिहून घ्यावा, योजनेतून त्यांतील काय मिळते ते आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे, उरलेल्या रकमेइतकी ठेव रुग्णाच्या व त्याच्या पत्नीच्या संयुक्त नावाने बँकेत बाजूला पडेल असे पाहावे, आणि एवढे झाल्यावरही तूट राहिली तर सात-बारा काढून घरातल्या सर्वांनी मिळून, गिऱ्हाईक दारात उभे नसताना, किती गुंठे आणि केव्हा विकायचे ते ठरवावे.